नाकाची मापे आणि पाणवठ्याची वाट

जात म्हणजे वंश आहे काय, हा जुना प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पुन्हा हिरिरीने विचारला जाऊ लागला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटल शहराच्या नगर परिषदेने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरात तिथल्या राज्यपालांनी ते नाकारले. घटना हजारो मैलांवरच्या. पण ज्या किनाऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला, आखातात आणि त्याहून दूर जात आली, तिथे त्यांचे पडसाद उमटणारच. मालवण तालुक्यातल्या एका वाचनालयात या विषयावर झालेली चर्चा मी शेवटपर्यंत बसून ऐकली. एका बाजूचे म्हणणे असे की, वंशभेद हा गोऱ्या लोकांचा रोग आहे, आपल्याकडे काळा-गोरा असा भेद कधी नव्हता, आणि जातीला वंशाच्या रांगेत बसवणे म्हणजे देशाची जगात नाचक्की करणे होय. दुसरी बाजू तेवढ्याच ठामपणे सांगत होती की, वरच्या जाती बाहेरून आल्या, खालच्या मूळच्या इथल्या, आता जनुकीय चाचण्यांनीही ते सिद्ध झाले आहे, तेव्हा जात हाच वंश. दोन तासांच्या त्या चर्चेत 'रक्त' हा शब्द किती वेळा आला याची गणतीच नाही. पाणवठा, स्मशान, पालखी आणि सोयरीक हे शब्द मात्र एकदाही आले नाहीत. आणि ज्या समाजशास्त्रज्ञाने जात व वंश यांच्या संबंधावर मराठी मुलखातला पहिला भक्कम अभ्यास केला, ज्याचा जन्म याच मालवणात झाला, त्या गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नावही कुणाच्या तोंडी आले नाही.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. जात म्हणजे वंश नव्हे. जीवशास्त्राच्या अर्थाने तर मुळीच नव्हे. पण तेवढ्याने जातीचा अभ्यास आणि वंशवादाचा अभ्यास यांचे नाते तुटत नाही, कारण ज्याला आपण वंश म्हणतो तोही जीवशास्त्राच्या अर्थाने वंश नसतो. दोन्हीकडे आधी कुंपण घातले जाते आणि मग त्या कुंपणाचे समर्थन म्हणून रक्ताची कथा रचली जाते. त्यामुळे या दोन व्यवस्थांची तुलना करायची तर ती कुंपणाच्या कामाची करावी लागेल. ते कुणाला कुठे अडवते, काय नाकारते, कसे टिकते, हे पाहावे लागेल. रक्ताची तुलना करू पाहणारे दोन्ही पक्ष, परस्परांचे कट्टर विरोधक असूनही, एकाच चुकीच्या जागी खणत आहेत.

घुर्ये यांची कारकीर्द या संदर्भात नीट वाचण्याजोगी आहे. १२ डिसेंबर १८९३ रोजी एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. संस्कृतचा पक्का व्यासंग घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तिथे आधी रिव्हर्स व नंतर हॅडन या मानवशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. हा विभाग पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ मध्ये सुरू केला होता; त्याला आकार मात्र घुर्यांनी दिला. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, ए. आर. देसाई अशी शिष्यपरंपरा त्या एका विभागातून उभी राहिली. १९३२ साली त्यांचा 'कास्ट अँड रेस इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातले वंशाविषयीचे प्रकरण आजही वाचताना मला थरारून जायला होते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी त्या प्रकरणासमोर कोण उभे होते ते पाहावे लागते.

समोर होते हर्बर्ट रिस्ले. इंग्रज सरकारचे ज्येष्ठ अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की येणाऱ्या आकड्याला नासिकांक म्हणतात. हा आकडा जितका लहान तितके नाक अरुंद व सरळ. रिस्ले यांचा सिद्धान्त असा की, जातीची सामाजिक प्रतिष्ठा आणि तिच्या माणसांच्या नाकाची सरासरी रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते: नाक जितके रुंद, जात तितकी खालची. हा केवळ एका अधिकाऱ्याचा छंद नव्हता. त्याच्या जनगणनेत जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्यात आली आणि देशभरातून जातीजातींचे अर्ज सुरू झाले, की आम्हाला वरची पायरी द्या. साम्राज्याचा कारभार, युरोपातले त्या काळचे वंशशास्त्र आणि आपल्याकडचा जुना कुळाभिमान या तिघांची त्या नासिकांकात गाठ पडली होती.

घुर्यांनी नवी मापे घेतली नाहीत. रिस्ले आणि इतरांनी जमवलेलीच मापे घेऊन त्यांनी ती प्रांतवार मांडली आणि एका जातीचे दुसरीशी शारीरिक अंतर किती, ते तपासले. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, रिस्ले यांचा नियम थोडाफार लागू पडतो, असे त्यांना आढळले. बाकी ठिकाणी तो कोलमडतो. त्या संयुक्त प्रांतातला ब्राह्मणसुद्धा शारीरिक मापांनी स्वतःच्या प्रांतातल्या क्षत्रियांखेरीज इतर कोणत्याही जातीपेक्षा पंजाबातल्या चुहड्यांना, म्हणजे भंगीकाम लादल्या गेलेल्या अस्पृश्य जातीला, अधिक जवळचा निघाला. आणि आपल्या मुंबई इलाख्यात? इथे देशस्थ ब्राह्मण हा चित्पावनाला जितका जवळचा, तितकाच सोनकोळ्यालाही जवळचा भरला. त्यानंतर जवळिकीच्या क्रमात महार व कुणबी आले, आणि शेणवी व उच्चकुलीन मराठे त्यांच्याही पलीकडे. सामाजिक उतरंड आणि शरीराची ठेवण यांचा मुंबई इलाख्यात काही संबंध नाही, असा निर्वाळा घुर्यांनी दिला. ज्या किनाऱ्यावर 'आमचे घारे डोळे, आमचा गोरा रंग' या शब्दांवर आजही स्थळे पाहिली जातात, त्या किनाऱ्यावरच्या एका सारस्वत विद्वानाने नव्वद वर्षांपूर्वी ब्राह्मण आणि मासे मारणारा कोळी एका रकान्यात आणून बसवले. याला मी ज्ञानाचे धैर्य म्हणतो.

या आकड्यांचा सर्वांत समर्थ उपयोग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही. १९४८ साली अस्पृश्यांच्या मूळ शोधाविषयीच्या ग्रंथात त्यांनी घुर्यांची हीच मांडणी उद्धृत केली आणि निष्कर्ष काढला की, मानवमिती हे शास्त्र मानायचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ही त्यांची तेव्हा सुचलेली युक्ती नव्हती. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात, पंचवीस वर्षांच्या आंबेडकरांनी म्हटले होते की, युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या बाबतीत वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, नको इतके महत्त्व दिले आहे. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. १९३६ मध्ये त्यांनी हाच मुद्दा पुन्हा मांडला: जात ही एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक फाळणी आहे. ज्यांचे मूळ गाव मंडणगडजवळचे आंबडवे, ते आंबेडकर आणि मालवणचे घुर्ये या दोघांचे राजकीय मत अनेक बाबतींत विरुद्ध टोकांचे होते; जातीला वंशाचा आधार नाही, या एका निष्कर्षावर मात्र त्यांची भेट होते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे संयुक्त राष्ट्रांची वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिच्यापुढे यावा की नाही, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी त्या वेळी या मागणीला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जैविक वंशाची कल्पना मानवशास्त्राने मोठ्या कष्टाने मोडीत काढली आहे. जातीला वंश म्हणायचे तर ती कल्पना मागच्या दाराने पुन्हा घरात घ्यावी लागेल. हे मला पूर्णपणे मान्य आहे. त्याहून पुढे जाऊन मी म्हणेन की, रक्ताची भाषा दुर्बळाच्या हातात शस्त्र म्हणून आली तरी ती फार काळ त्याच्या बाजूने लढत नाही. जातीची अंगेही निराळी आहेत. अमेरिकेतली वर्णरेषा मुख्यतः दोन बाजूंची होती. जातीत पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला आपल्या खाली कुणीतरी आहे याचे समाधान आहे. आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. विटाळ, पंक्तिभेद, पोटजात, कुळाचार या गोष्टी वर्णद्वेषाच्या पाठ्यपुस्तकात जशाच्या तशा सापडणार नाहीत.

एवढे मान्य करूनही बेतेई यांचा निष्कर्ष मला पटत नाही. जीवशास्त्रीय वंश अस्तित्वात नाही म्हणून वंशवाद नाहीसा झाला काय? विसाव्या शतकाच्या मध्यावर युनेस्कोने नेमलेल्या तज्ज्ञांनी वंशकल्पनेला शास्त्राचा आधार नाही असे जाहीर केले. त्यानंतरही अमेरिकेच्या दक्षिणेत पाण्याचे नळ आणि शाळा वेगळ्याच राहिल्या. वंशवादाला खऱ्याखुऱ्या वंशाची गरज लागत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण होमर प्लेसी यांचे आहे. त्यांच्या आठ पणजोबा-पणज्यांपैकी सात गोरे होते आणि एक कृष्णवर्णीय. दिसायला ते गोरेच दिसत. १८९२ मध्ये लुईझियानात रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल त्यांना अटक झाली, तीही त्यांनी आपण कृष्णवर्णीय असल्याचे स्वतः सांगितले म्हणून. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे वैध ठरवले. कातडीवर काहीच दिसत नसताना जी रेषा ओढली गेली, तिला रंगाची रेषा तरी का म्हणायचे? ती कागदावरची, नोंदीतली, ऐकीव माहितीवरची रेषा होती.

आणि ही ऐकीव माहितीची रेषा कोकणातल्या माणसाला मी समजावून सांगायला हवी काय? आपल्याकडे आडनावापुढे 'कर' लागते आणि त्यातून फक्त गाव कळते. एकाच गावावरून पडलेले आडनाव ब्राह्मणाचे असू शकते, भंडाऱ्याचे असू शकते, गाबिताचे, महाराचे किंवा मुसलमानाचेही. चेहऱ्यावरून काही ओळखता येत नाही, आडनावावरूनही येत नाही. म्हणून तर पुढचा प्रश्न येतो: 'गाव कळला, पण वाडी कंची?' तेवढ्यानेही भागले नाही तर कुलदैवत विचारले जाते. समोरच्याचे नाक, डोळे, रंग यांतून उत्तर मिळत असते, तर या प्रश्नांची गरजच पडली नसती. प्लेसींच्या डब्यातल्या तिकीट तपासनिसाचा प्रश्न आणि आपला वाडीचा प्रश्न एकाच जातकुळीचे आहेत, कारण दोन्ही ठिकाणी डोळ्यांना न दिसणारा भेद वाणीने शोधून काढावा लागतो.

'आपल्याकडे काळा-गोरा भेद नव्हता' हे विधानही या किनाऱ्याच्या इतिहासापुढे टिकत नाही, आणि तो इतिहास दोन्ही पक्षांच्या सोयीचा नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश चालला, असे बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांमुळे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी त्यांची आडनावे इथल्याच मातीतली. या समाजातच 'गोरे' आणि 'काळे' असे दोन थर होते. ज्यांच्या कुळात बाहेरच्या स्त्रीशी संबंध आला असे मानले जाई ते काळे. त्यांच्याशी गोऱ्यांचा रोटीबेटीव्यवहार नसे. गोरे खरोखरच गोरे होते आणि काळे काळे होते, असे मुळीच नाही. शब्द रंगाचे होते, भेद कुळाचा होता. पुढे हाच समाज मोठ्या संख्येने इस्राएलला गेला, तेव्हा साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. ज्यांनी रायगडच्या गावांत स्वतःच कुळाची चाळणी लावली होती, त्यांच्याच मुलाबाळांना जेरुसलेममध्ये त्या चाळणीतून जावे लागले. ते रस्त्यावर उतरले, उपोषणाला बसले, आणि १९६४ मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे तिथल्या शासनाने जाहीर केले. या एकाच समाजाच्या कथेत जात आणि वंशभेद यांची सीमा नेमकी कुठे आखणार?

उलट दिशेचे उदाहरण मुरुडच्या समुद्रात उभे आहे. आफ्रिकेतून गुलाम, खलाशी आणि सैनिक म्हणून आलेल्या हबशांच्या वंशजांनी जंजिऱ्यावर शतकानुशतके राज्य केले. १९४८ पर्यंत ते संस्थान टिकले आणि त्या मुलखाला मराठीत हबसाण असेच नाव होते. हबशी म्हणून बाजारात विकला गेलेला मलिक अंबर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. तेच आफ्रिकी पूर्वज असलेले सिद्दी उत्तर कन्नडच्या जंगलात मात्र गरिबीत आणि उपेक्षेत दिवस काढत राहिले. रक्त तेच, किल्ला, आरमार आणि जमीन हाती असेल तर प्रतिष्ठा, नसेल तर तिरस्कार. रक्तच सर्व ठरवते असे मानणाऱ्याला या दोन किनाऱ्यांमधला फरक कसा समजावून देता येईल?

दुसऱ्या पक्षाशी माझे नाते अधिक जवळचे आहे, म्हणून त्याच्याशी वाद घालताना मनाला यातना होतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली. त्या पुस्तकात त्यांनी आर्य भटांच्या स्वारीचा सिद्धान्त उलटा फिरवला: तुम्ही आर्य म्हणून मिरवता ना, मग तुम्ही बाहेरून आलेले लुटारू आहात. त्या काळी युरोपीय विद्वानांपासून इथल्या पंडितांपर्यंत सगळेच आर्यत्वाचा डंका पिटत असताना, त्याच शस्त्राने केलेला हा प्रतिहल्ला बुद्धिमान होता आणि न्याय्यही होता. पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या गुलामांशी आपले नाते ओळखावे, यातली दृष्टी तर आज कुणा विद्यापीठालाही सहजी साधत नाही. पण फुल्यांच्या त्या कृतीतले टिकाऊ काय? मला वाटते, अर्पणपत्रिका टिकाऊ आहे. तिच्यात दुःखाची आणि दास्याची तुलना आहे. स्वारीची कथा त्या काळच्या युद्धातले हत्यार होते, आणि आज ते हातात धरणाऱ्याला आंबेडकरांच्या १९४८ च्या निष्कर्षाचे उत्तर द्यावे लागेल.

जनुकशास्त्राचा दाखला देणाऱ्यांनी तर स्वतःच्या पुराव्याकडेच नीट पाहिलेले नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने दाखवले की, आजच्या भारतीयांच्या पूर्वजसमूहांचे मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्यानंतर ते आटले. समाजगट आपापल्यातच लग्ने करू लागले. म्हणजे आधी सर्वांत सर्व मिसळलेले होते, मग भिंती उभ्या राहिल्या. आज दोन जातींच्या जनुकांत जो थोडा फरक दिसतो, त्यातला बराचसा भाग भिंतीने घडवलेला आहे. भिंत त्या फरकामुळे उभी राहिलेली नाही. विहिरीभोवती कठडा बांधला म्हणून आतल्या पाण्याला वेगळी चव आली, आणि आपण म्हणतो आहोत की पाण्याची चवच वेगळी होती म्हणून कठडा बांधावा लागला. आंबेडकरांनी १९१६ मध्ये जातीअंतर्गत विवाहावर जे बोट ठेवले होते, त्याला प्रयोगशाळेने दिलेली ही पुष्टी आहे.

'हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे' या युक्तिवादाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. इतिहासच पुरेसा आहे. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे नेला, तेव्हा हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे दक्षिण आफ्रिकेने सांगितले आणि आपण ते मानले नाही. १९६५ च्या वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारात वंश, वर्ण यांच्या जोडीला जन्मकुळ हा आधार घातला गेला, तो भारताच्याच सूचनेवरून. त्या शब्दाच्या आधारे जेव्हा जातीचा प्रश्न पुढे आला, तेव्हा डर्बनला आपल्या सरकारने दक्षिण आफ्रिकेचीच जुनी भाषा बोलावी, हे मला आजही लाजिरवाणे वाटते. आणि १९४६ मध्येच आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांनाही तसाच मार्ग धरता येईल काय, याचा ते विचार करत होते. ड्यु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. जातीचा आणि वर्णद्वेषाचा एकत्र विचार ही अलीकडची परदेशी आयात आहे, असे म्हणणाऱ्यांनी फुल्यांची अर्पणपत्रिका आणि हा पत्रव्यवहार दोन्ही विसरायचे ठरवले आहे.

ड्यु बॉइस यांचा उल्लेख झाला, म्हणून घुर्यांकडे परत येतो. कारण त्यांच्या कारकिर्दीतली मोठी उणीव याच तुलनेत उघडी पडते. ड्यु बॉइस १८६८ चे, घुर्यांहून पंचवीस वर्षांनी मोठे. बर्लिनमध्ये शिकून परतल्यावर त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात राहायला गेले. तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत दारोदार हिंडून त्यांनी घरटी माहिती जमवली: किती खोल्या, किती भाडे, कोणती नोकरी, कोणती नोकरी मागूनही मिळाली नाही. १८९९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्या काळी कृष्णवर्णीयांची दैना त्यांच्या रक्तातच आहे असे मानणे हा सुशिक्षितांचा शिरस्ता होता. ड्यु बॉइस यांनी रस्त्यारस्त्याचा रंगवलेला नकाशाच पुढे ठेवला आणि दैना कुठून येते ते दाखवले. त्याच १८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज याला जमावाने जाळून मारले, आणि नुसती शांत, तटस्थ आकडेवारी पुरेशी नाही, हे त्यांना कळून चुकले. पुढचे आयुष्य त्यांनी अभ्यास आणि लढा अशा दोन्ही वाटांनी घालवले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये घानात त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला.

घुर्यांनी रिस्ले यांचा नियम मोडला, पण तिथेच ते थांबले. उत्तरेच्या गंगाकाठी आर्यांनी आपले वेगळेपण राखण्यासाठी जातीची चौकट घडवली आणि मग ती संस्कृतीच्या रूपाने इतरत्र पसरली, असे त्यांचे मत कायम राहिले. म्हणजे वंशाची कल्पना त्यांनी दारातून घालवली आणि उगमाच्या खिडकीशी बसू दिली. ब्राह्मणेतर चळवळीकडे आणि जातवार राखीव जागांकडे त्यांनी जात्याभिमान वाढवणारी गोष्ट म्हणून पाहिले. त्या भीतीत तथ्य मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला पायरीवर उभे राहू दिले जात नाही, त्याने पायरी मागितली तर तो उतरंडीचा अभिमानी ठरतो काय? सोनकोळ्याचे नाक देशस्थाच्या नाकासारखे आहे, हे त्यांच्या तक्त्याने सांगितले. मग नाके सारखी असतानाही लग्नाच्या पंगतीत दोघे शेजारी का बसत नाहीत, हा त्या तक्त्यातून उभा राहणारा प्रश्न होता. तो विचारण्याची तेवढी तळमळ मला त्यांच्या लेखनात दिसत नाही.

त्यांच्या शिष्या इरावती कर्वे थोड्या पुढे गेल्या. चित्पावनांचा अभ्यास त्यांनी घुर्यांच्या हाताखाली केला आणि मग बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे त्या संशोधनासाठी गेल्या. हे फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ ठरले. कवटीच्या दोन बाजूंतली असमानता युरोपीयांत अधिक असते आणि ती त्यांच्या बुद्धीच्या श्रेष्ठतेचे चिन्ह आहे, अशा कल्पनेची परीक्षा करण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. कवट्या मोजून त्यांनी लिहिले की, असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परदेशातून आलेल्या, विशीतल्या एका स्त्रीने गुरूच्या गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष गुरूच्याच हाती द्यावा, याचे मोल मोठे आहे. मात्र त्यांनीही पुढे अनेक वर्षे महाराष्ट्रभर मोजमापे घेणे सोडले नाही. मोजपट्टीची सवय त्या पिढीला सहज सुटली नाही. तिचे उत्तर नकारार्थी येते हे वारंवार दिसूनही सुटली नाही.

तो नकार आता पुरेसा सिद्ध झाला आहे. आपल्या पिढीने मोजायचे ते दुसरे काही. कोकणातले गाव वाड्यांचे असते, आणि वाड्यांचा नकाशा हा आपला सातवा वॉर्ड आहे. बामणवाडी, मराठवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, आणि बहुतेक वेळा गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे किंवा उताराच्या खाली, बौद्धवाडी. शिमग्यात पालखी कोणत्या वाडीच्या वेशीपर्यंत जाते आणि कुठून मागे वळते? गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्यांच्या रूढ व्यवस्थेत, मान कुणाचा, आणि मानाच्या नावाखाली राबणूक कुणाची? नळयोजनेची टाकी कोणत्या वाडीत उभी राहते? स्मशाने किती? हे प्रश्न विचारायला नासिकांक लागत नाही आणि जनुकीय चाचणीही लागत नाही. गावकीने वाळीत टाकण्याचे प्रकार तर रायगड-रत्नागिरीत इतके गाजले की २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यातली कितीतरी प्रकरणे एकाच जातीच्या आतली होती: तेच कूळ, तेच दैवत, तरीही एका घराचे पाणी, बोलणे आणि खांदा बंद. कुंपण घालण्याची ही सवय रक्तावर अवलंबून असती, तर ती सख्ख्या भावकीत कशी शिरली असती?

महाडचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे. सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले होते, आणि महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तिथले पाणी प्याले, तेव्हा जमाव लाठ्या घेऊन धावला. नंतर १०८ घागरी पाणी काढून, शेण-गोमूत्र ओतून, मंत्र म्हणून त्या तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. गुरेढोरे त्याच तळ्यावर पाणी पीत होती. अन्य धर्मीय पीत होते. मारणारे आणि मार खाणारे यांच्यात कोण कुठल्या वाडीचा, हे त्या गर्दीत चेहऱ्यावरून सांगणे कुणालाही जमले नसते. उच्च न्यायालयातून पाण्याचा हक्क पक्का व्हायला १९३७ साल उजाडले.

मालवणच्या त्या चर्चेनंतर समाजशास्त्र शिकणाऱ्या काही मुलांना मी सुचवले की, प्रत्येकाने आपापल्या गावाचा एक नकाशा काढावा. त्यात विहिरी, स्मशाने, पालखीची वाट आणि प्रत्येक वाडीतल्या घरांची संख्या दाखवावी, ड्यु बॉइस यांनी केले तसे दारोदार जाऊन. पाच नकाशे आले. एका मुलीने पालखीची वाट लाल रेघेने दाखवली होती आणि ती एका ठिकाणी तुटत होती. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली की, तिथून पुढे पालखी जात नाही. का जात नाही हे तिने तीन जणांना विचारले, आणि तिघांनीही 'पूर्वीपासून' एवढेच सांगितले. पलीकडच्या घरांत जाऊन तिने अजून विचारलेले नाही. सुट्टीत ती पुन्हा जाणार आहे.